चौदा नंबरची वाफ

हैबती उतेकर आणि मी अकरा वर्षं एका खोलीत समोरासमोर बसलो. महाडच्या एमआयडीसीत रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणारा कारखाना होता, त्याची ही कागदपत्रांची खोली. बाहेरून आलेला प्रत्येक तांत्रिक कागद आवक वहीत नोंदवायचा, त्यावर मॅनेजरांची सही घ्यायची, लाल शिक्का मारून तो प्लांटमध्ये पाठवायचा आणि तिथला जुना कागद परत आणून फाडायचा, हे माझं काम. हैबतीचं काम एकच होतं. इंग्रजी पुस्तक बदललं की मराठी पुस्तक बदलायचं.

त्याच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही आणि लिहिण्यासारखं काही आहे असं त्याच्या घरच्यांनाही वाटणार नाही. मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहितो.

हैबती उमरठच्या वरच्या एका वाडीतला. घरी चार गुरं, थोडी नाचणी, दोन भाऊ मुंबईला. पोलादपूरला बारावी झाल्यावर त्याने चार वर्षं जमीन मोजणीवाल्यांच्या हाताखाली काढली. साखळी ओढायची, निशाण धरून उभं राहायचं, बांधावरच्या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. तिथून तो आमच्याकडे गोदामात हमाल म्हणून लागला. अक्षर चांगलं होतं म्हणून कुणीतरी त्याला गोदामाची वही दिली, आणि वहीवरून तो माझ्या खोलीत आला.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या मोठ्या रिॲक्टरवर कॉम्प्युटर बसला. तोवर भिंतीवर बटणांचा फळा होता, माणूस बटण दाबत होता. आता पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर पायरी पायरीने बॅच चालवणार होतं. एक पायरी झाली की ते थांबायचं. ऑपरेटरने खाली जाऊन आपल्या हाताने जे करायचं ते करायचं, परत येऊन बटण दाबायचं, की पुढची पायरी. कोणत्या पायरीला हाताने काय करायचं हे एका जाड इंग्रजी पुस्तकात होतं. एकूण अडतीस पायऱ्या.

त्याच वर्षी प्रमाणपत्र देणारे तपासनीस आले. त्यांच्यातल्या एकाने पुस्तक उचलून आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरच्या हातात दिलं आणि म्हणाला, "वाचा."

हा ऑपरेटर म्हणजे चांगू मोरे. पोलादपूरच्या पलीकडचा, चौथी पास, तेव्हा चाळिशीचा. कारखान्याचा पाया खणायला जो आला तो परत गेलाच नाही. चांगूने पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, वजन चांगलं हाय."

तपासनीस हसला, पण कागदावर त्याने लिहिलं की ऑपरेटरला वाचता येईल अशा भाषेत पुस्तक पाहिजे. ते काम हैबतीकडे आलं.

शब्दकोश घेऊन तो तीन दिवस खोलीत बसला. चौथ्या दिवशी उठला आणि प्लांटमध्ये जाऊन चांगूच्या पाठीमागे उभा राहिला. चांगू जे करील ते बघायचा, त्याला काय म्हणतात ते विचारायचा आणि तेच लिहायचा.

"ह्याला काय म्हणतोस, दादा?"

"ढवळणी."

"पुस्तकात वेगळंच आहे."

"पुस्तक ढवळतं काय रे? आम्ही ढवळतो. ढवळणी लिही."

"आणि हे बटण?"

"ते बघितलंवालं. बघितलं की दाबायचं."

मराठी पुस्तकात त्या बटणाचं नाव 'बघितलं' असंच छापलं गेलं. आमच्या तेव्हाच्या मॅनेजरांनी ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या, पण ऑपरेटर लोकांनी पुस्तक आठ दिवसांत पाठ केलं. तपासनीस पुन्हा आला तेव्हा चांगूने बंद पुस्तकावर हात ठेवून अडतीसच्या अडतीस पायऱ्या म्हणून दाखवल्या.

पाठ केलं ते आकड्यांनी. प्लांटमध्ये इतका आवाज असतो की वाक्य बोलून उपयोग नसतो. वरचा माणूस बोटं दाखवून किंवा ओरडून नंबर सांगायचा आणि खालचा त्याप्रमाणे करायचा. सहा म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह. बारा म्हणजे ढवळणी फिरते का बघा. चौदा म्हणजे वाफ सोडा. चौदा हा त्यातला मोठा नंबर, कारण वाफ वेळेवर सोडली नाही तर बॅच वाया जायची. शिफ्ट बदलताना गेटवर भेटले तरी ही माणसं एकमेकांना, "कितीवर हाय?" "चवदावर सोडून आलो," एवढंच बोलायची.

वर्षभराने पुण्याहून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर नवीन इंग्रजी पुस्तक. सहाव्या पायरीनंतर त्यांनी एक पायरी वाढवली होती. साहजिकच सातची आठ झाली, आठची नऊ झाली आणि चौदाची वाफ पंधरावर गेली.

हैबती दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दिवसभर बसला. संध्याकाळी मला म्हणाला, "भाऊ, एक पायरी वाढली म्हणून बत्तीस नंबर बदलायचे. नऊ माणसांनी पाठ केलंय. उद्या कुणी चौदा ओरडलं तर एक जण जुनं करेल आणि एक जण नवं."

मी म्हटलं, "मग काय करणार?"

"जमिनीचं करतात तसं."

मला कळलं नाही. त्याने कागदावर काढून दाखवलं. सर्व्हे नंबर सहाची जमीन दोन भावांत वाटली गेली म्हणून पुढच्या सातवाल्याचा नंबर आठ होत नाही. सहाचेच हिस्से पडतात, बाकी गाव जिथल्या तिथे राहतं. त्याने नव्या पायरीला नंबर दिला सहा बटा एक. पुढचं सगळं तसंच. एकच पान नवीन छापलं आणि मध्ये घातलं. पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता जोडला. डावीकडे इंग्रजी नंबर, उजवीकडे मराठी.

प्लांटमध्ये कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येकाच्या घरी सातबारा होता.

"तलाठी झालास काय रे हैबत्या?" चांगू म्हणाला. "आता ह्यावर बोजा नको चढवू कुणाचा."

मॅनेजरांनी तक्ता पाहिला, जरा विचार केला आणि सही केली. मी शिक्का मारला.

मग हेच चालू राहिलं. वर्षातून एकदा, कधी दोनदा नवीन आवृत्ती यायची. इंग्रजी पुस्तकात जिथे बदल असेल तिथे समासात काळी उभी रेघ असायची. हैबतीचा त्या रेघांवर विश्वास नव्हता. तो जुन्या पानावर पट्टी ठेवायचा, नव्या पानावर दुसरी पट्टी ठेवायचा आणि दोन्ही पट्ट्या एकेक ओळ खाली सरकवत जायचा. अडतीस पायऱ्यांना त्याला पाच दिवस लागायचे. रेघ नसलेल्या ठिकाणी बदल सापडला की तो पेन्सिलने टिंब करायचा. एका आवृत्तीत अशी सात टिंबं झाली. ती त्याने पुण्याला कळवली. उत्तर आलं नाही.

अकराला दोन हिस्से पडले, चौदाला एक, एकोणीसला एक, बावीसला एक. नववी पायरी इंग्रजीतून काढून टाकली गेली. मराठीत नऊ नंबर राहिला, समोर 'रिकामा' असं छापलं. दरवेळी तो तक्ता नव्याने करायचा. दरवेळी मी शिक्का मारायचो. एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो होतो तेव्हा त्याची बायको मैना म्हणाली, "भावोजी, सांगा ह्यांना कायतरी. डब्यांवर पण नंबर घालून ठेवलेत. मी हळद विकत आणली तर म्हणतात, तीन बटा एकला ठेव." हैबती खाली मान घालून जेवत होता. तो फारसा बोलणारा नव्हता, पण तेव्हा हसला होता.

दोन हजार दोनमध्ये जुने मॅनेजर गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. त्यांच्या हाताखाली प्लांटवर नीलेश नावाचे तरुण इंजिनीयर आले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना अहोजाहो करायचे, डबा ऑपरेटर लोकांत बसून खायचे. मराठी पुस्तक पाहून त्यांनी हैबतीला विचारलं, "हे नंबर असे का?" हैबतीने तक्ता दाखवला. "बरं," म्हणाले. त्यांना दुसरी शंभर कामं होती.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत आणखी एक आवृत्ती आली. पुण्याचा माणूस शनिवारी सकाळी आला आणि दुपारपर्यंत त्याने कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर चढवलं. इंग्रजी पुस्तकाची प्रत त्याने अकरा वाजता माझ्या टेबलावर ठेवली. मी आवक वहीत तारीख घातली. सही करणारे मॅनेजर मुंबईला गेले होते, सोमवारी येणार होते. सहीशिवाय कागद खोलीत कुणाच्या हातात द्यायचा नाही हा नियम होता. मी पुस्तक कपाटात ठेवलं. हैबती समोरच बसला होता. गोदामाच्या एका यादीची नक्कल करत होता, पाच वाजता घरी गेला.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आता बॅच कुठे अडली तर स्क्रीनवर इंग्रजी पुस्तकातल्या पायरीचा नंबर दिसेल. हे मी सोमवारी वाचलं.

जाण्यापूर्वी पुण्याच्या माणसाने ऑपरेटर लोकांना उभं करून सांगितलं होतं, "आता डोकं चालवायची गरज नाही. अडलं की स्क्रीन नंबर देईल. पुस्तक उघडा, तो नंबर काढा, लिहिलंय ते करा." नीलेश साहेब शेजारी उभे होते. तेही हो म्हणाले.

रविवारी दुसऱ्या शिफ्टला चांगू होता. पाचच्या सुमारास बॅच अडली. स्क्रीनवर एकतीस आकडा आला. चांगूने मराठी पुस्तक उघडलं. इंग्रजी एकतीस म्हणजे वाफ बंद करा आणि दाब शून्यावर येईपर्यंत काहीही उघडू नका. आमच्या पुस्तकात ते सव्वीसला होतं. आमच्या एकतीसला होतं, नमुन्याचा कॉक उघडून नमुना घ्या.

चांगूबरोबर तेव्हा भरत नावाचा ऑपरेटर होता. त्याने नंतर सांगितलं, "मी बोललो त्याला, दाब हाय अजून, काटा बघ. तर बोलला, साहेब काय बोलले ऐकलं नाय? स्क्रीन सांगते एकतीस. पुस्तक पण आपल्या हैबतीचं हाय."

त्याने कॉक उघडला. आतलं सगळं उकळतं त्याच्या उजव्या हातावर आणि मानेवर आलं.

सोमवारी सकाळी हैबती खोलीत आला तेव्हा त्याला एसटीतच कळलं होतं. त्याने डबा खुंटीला लावला, माझ्याकडे पुस्तक मागितलं. मी दिलं. सही अजून झाली नव्हती. पहिलं पान वाचून झाल्यावर त्याने आवक वही ओढली, शनिवारची नोंद पाहिली, वही बंद करून माझ्या बाजूला सरकवली. मग पट्ट्या काढून कामाला बसला. मला वाटत होतं तो ओरडेल. मी वाट बघत होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो चार पानं पुढे गेला होता.

चौकशी तीन दिवस चालली. हैबतीला विचारलं, "इंग्रजीशी न जुळणारे नंबर कुणी दिले?"

"मी."

"का?"

"त्यांच्या पाठ होतं म्हणून."

"नवीन पुस्तक तुम्हाला कधी मिळालं?"

"सोमवारी."

ते खरं होतं. शनिवारी ते कुठे होतं असा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. मला खोलीत बोलावलंच नाही. मीही उठून गेलो नाही. सॉफ्टवेअर आधी आणि पुस्तक मागून असं का झालं, हेही कागदावर आलं नाही. कागदावर आलं ते एवढंच, की मराठी पुस्तकाचे नंबर मुळाशी जुळत नव्हते.

निर्णय नीलेश साहेबांनी सांगितला. मराठी पुस्तक बंद करायचं, ज्याला इंग्रजी वाचता येतं त्यालाच कॉम्प्युटरपुढे बसवायचं. म्हणजे नऊपैकी दोन. बाकीचे सात पॅकिंगला नाहीतर गोदामात. त्यांत चांगू पहिला, तो अजून मुंबईच्या दवाखान्यात होता.

हैबती त्यांच्या केबिनमध्ये गेला. मी दारात होतो, हातात सहीचे कागद होते.

तो म्हणाला, "साहेब, दीड महिना द्या. मूळ पुस्तकात आहे तोच नंबर मराठीत घालतो. एकही हिस्सा ठेवत नाही."

"आणि लोकांच्या डोक्यात आहे त्याचं काय?"

"परीक्षा घ्या. जो चुकेल त्याला बसवू नका."

नीलेश साहेबांनी पेन खाली ठेवलं. "परीक्षेला तुम्ही उभे राहायचं, उतेकर. नंबर तुम्ही ओरडायचा. हात कुठे जातो ते तुम्ही लिहायचं."

"चालेल."

"चांगूलाही हीच परीक्षा."

"हो."

हैबतीने सगळं पुस्तक नव्याने केलं. सहा बटा एकचं सात झालं. रिकामा नऊ गेला. वाफ चौदावरून सोळावर गेली, आणि चौदाला आली ढवळणी. एकूण त्रेचाळीस पायऱ्या. मी जुन्या प्रती गोळा करून आणल्या आणि फाडल्या. त्यांच्या पानांना तेलाचे आणि हळदकुंकवाचे डाग होते, खंडेनवमीला ते लोक पुस्तकही पूजत असत.

आठ जणांची परीक्षा मार्चअखेर झाली. रिॲक्टरमध्ये नुसतं गार पाणी भरलं होतं. हैबती वर उभा राहून नंबर ओरडायचा, खालचा माणूस धावत जाऊन त्या ठिकाणी हात ठेवायचा. प्रत्येकाला दहा नंबर. एकही चूक चालणार नव्हती. पाच जण पहिल्यांदाच पास झाले, दोन जण आठ दिवसांनी. भरत तिसऱ्या खेपेला झाला. महिनाभर प्लांटमध्ये कुणी नंबर ओरडत नव्हतं. पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि मग जायचे.

चांगू मेमध्ये परत आला. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, कातडी चकचकीत झाली होती. तो सरळ आमच्या खोलीत आला.

"पुस्तक दे."

हैबतीने नवीन प्रत दिली.

चांगूने डाव्या हाताने पानं उलटली. "सगळीच जागेवरून हलवलीस की रे. एक पण ठेवली नाय."

"पहिल्या सहा तशाच आहेत."

"सहा." चांगू हसला. "बरं. सहा पोरांसारख्या सांभाळतो, बाकीच्या दत्तक घेतो. किती दिवस देतोस?"

"पंधरा."

पंधरा दिवस तो जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीत बसायचा. हैबती नंबर विचारायचा, चांगू सांगायचा. चुकायचाच नाही. एकदा मी म्हटलं, "चांगूदादा, तुम्ही तर पोरांपेक्षा लवकर शिकलात." तो म्हणाला, "भाऊ, पॅकिंगला जाऊन ड्रमावर झाकणं मारायची का? वीस वर्षं त्या मशिनीपुढे काढली. मला तिथंच बसायचंय. दुसरं कायपण नको." मग हैबतीकडे बघून म्हणाला, "आणि हा आपलाच माणूस हाय वर उभा." हैबती पुस्तकात बघत होता.

परीक्षेला नीलेश साहेब होते, भरत होता, सही घ्यायला म्हणून मी होतो. पंप, पंखे, सगळं मुद्दाम चालू ठेवलं होतं. रिॲक्टरमध्ये पाणी. हैबतीच्या हातात कोरा तक्ता. कोणते दहा नंबर ओरडायचे ते त्याच्यावर सोडलं होतं.

पहिले नऊ बरोबर आले. बेचाळीसला चांगू जिना चढून वर आला आणि बरोबर ठिकाणी हात ठेवून खाली गेला, धापा टाकत. भरतने माझ्याकडे बघून मान हलवली. नीलेश साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी मनातून पास केलं होतं असं मला वाटलं.

हैबती थोडा थांबला. मग ओरडला, "चौदा!"

चांगू वळला. तो विचार करत नव्हता हे लांबूनही दिसत होतं. त्याचा तो न मिटणारा उजवा हात पुढे झाला आणि वाफेच्या व्हॉल्व्हवर जाऊन बसला. तिथेच राहिला. मग त्याने हाताकडे पाहिलं. काढला नाही. वर हैबतीकडे पाहिलं.

हैबतीने तक्त्यावर लिहिलं.

नीलेश साहेब म्हणाले, "उतेकर, अजून एक विचारा हवं तर, नाहीतर बाकीच्यांसारखी आठ दिवसांनी पुन्हा घ्या. दहावा धरू नका."

"नको साहेब," हैबती म्हणाला. "वाफ सोडली असती."

मी सह्या घेतल्या. चांगूने डाव्या हाताने सही केली. ती त्याची सही वाटत नव्हती.

त्या संध्याकाळी कंपनीच्या गाडीने आम्ही तिघं महाड स्टँडवर उतरलो. माझं घर जवळच होतं, पण मी थांबलो. ते दोघं पोलादपूर गाडीची वाट बघत एका बाकावर बसले, रोज बसायचे तसे. चांगूने तंबाखूची डबी काढली. त्याला ती उघडता येत नव्हती. हैबतीने घेऊन उघडून दिली.

डबी परत घेत चांगू म्हणाला, "दुसरा नंबर नव्हता तुला?"

"होता."

"किती होते?"

"बेचाळीस."

"मग?"

हैबती समोरच्या फलाटाकडे बघत होता. "बाकीचे तुला आले असते."

"आले असते की. मग?"

"मला चौदाच बघायचा होता."

चांगूने तंबाखू मळली, तोंडात टाकली नाही. मला वाटलं आता हा उठेल आणि काहीतरी होईल. स्टँडवरच्या भोंग्यावर गाडीचं नाव पुकारलं.

"आठ दिवसांनी घेतली असती तर?" चांगूने विचारलं.

"तेव्हापण हात तिथंच गेला असता, दादा."

"ते तुला कसं कळलं?"

"मीच शिकवलाय तुला."

चांगूने तंबाखू बाकाखाली झटकली. "गाडी लागली," म्हणाला. गर्दी होती. हैबती पुढच्या दाराने चढला, खिडकीजवळची जागा धरली आणि चांगूला बोलावलं. चांगू जाऊन त्याच्याशेजारी बसला. दोघंही समोर बघत होते. गाडी सुटेपर्यंत मी तिथे उभा होतो. कपाटातल्या पुस्तकाचं मला हैबतीशी बोलायचं होतं, निदान त्या दिवशी तरी. पण खिडकी लांब होती आणि मी हाक मारली नाही.

चांगू सोमवारपासून पॅकिंगला गेला.

पावसाळ्यात पुढची आवृत्ती आली. मॅनेजर जागेवर होते, सही दहा मिनिटांत झाली. इंग्रजीत पाचवी पायरी काढून टाकली होती. हैबतीने सहाचं पाच केलं, साताचं सहा, आणि शेवटपर्यंत असंच. मग शेवटच्या पानावर आवृत्तीची तारीख घातली आणि पुस्तक शिक्क्यासाठी माझ्याकडे सरकवलं.